मय्यतीची बादली

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज बाजारातून आलं ते असं. साखर पाच किलो, २२०. शेवया दोन किलो, १६०. चहापत्ती अर्धा किलो, २१०. सुकं खोबरं एक किलो, २४०. आरजूला हिरव्या काचेच्या बांगड्या, १२०. दस्तरखानाला प्लॅस्टिकचं कापड, १८०. कपबशा सहा, ३९०. त्यातल्या एका कपाचा कान मोडका निघाला. दुकानदार बदलून देईना, मग भांडून चाळीस रुपये कमी करून घेतले. तो कप चाँदबीसाठी बाहेर नळाजवळच्या कोनाड्यात ठेवला. तिचा जुना जर्मलचा पेला पार चेमटला होता.

हा सगळा खर्च पुढच्या रविवारच्या मंगनीचा. आमच्या आरजूला उमापूरचं स्थळ आलंय. हाजी गुफरानसेठ, मोसंबीचे मोठे व्यापारी, त्यांचा मुलगा इरशाद. आमचं काय, नेकनूरला स्टँडमागे आरजूच्या अब्बांचं मोटारी भरायचं दुकान. कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली तर आमची चूल पेटते. असं घर मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलगा नमाजी आहे, तंबाखू खात नाही. आरजू काही बोलत नाही, पण फोनकडे बघून हसते. बांगड्या दोनदा घालून बघितल्या.

हिशोब झाला की मागच्या पानावर असं चार ओळी लिहायची माझी जुनी सवय. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी होती, दहावीपर्यंत. लिहायचं म्हटलं की मराठीच येतं.

२० जानेवारी, सोमवार

काल मंगनी झाली. अल्हम्दुलिल्लाह. पंचवीस माणसं सांगितली होती, एकेचाळीस आली. शेवया पुरल्या, दूध उसनं आणावं लागलं.

अंगठी इरशादच्या दादीची आहे. सोन्याची, जुन्या घडणीची. दादी अंथरुणाला खिळून आहेत, त्या आल्या नाहीत. इरशादची बहीण मुबश्शिरा म्हणाली, "दादींनी बोटातून काढून दिली. म्हणाल्या, पोरीच्या बोटात मीच घातली असं सांगा." चांगली मुलगी आहे, आल्या आल्या पदर खोचून ताटं वाढायला लागली.

जेवणं झाल्यावर हाजीसाहेब बोलायला बसले. लई छान बोलतात. इस्लाममध्ये कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. बादशहा आणि गुलाम एका सफमध्ये, एकाच रांगेत उभे राहतात. जन्नत आईच्या पायाखाली आहे, आमची अम्मी वरच्या खोलीत आहे, आम्ही तिला फुलासारखी ठेवली आहे. ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं.

मध्येच चाँदबी आली होती. गावातल्या बाया मेल्या की त्यांना गुस्ल द्यायचं काम तिचं, म्हणजे मय्यतीची शेवटची आंघोळ. चाळीस वर्षं तेच करते. आरजूसाठी दुवा करायला आली. पाहुण्यांच्या बायका होत्या, उगाच कुणी विचारलं असतं, म्हणून तिला मागच्या दाराशी बसवलं. चहा दिला, शेवया दिल्या, वरून घरी न्यायला पण बांधून दिल्या. तिच्या बाबतीत मी कधी हात आखडला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

चाँदबीला ताप आहे. खिचडी घेऊन गेले. कब्रस्तानच्या भिंतीला लागून तिची एक खोली. पूर्वी कधी आत गेले नव्हते, दारातूनच बोलायचे.

आत अर्धी खोली बादल्यांनी भरली आहे. लोखंडी, प्लॅस्टिकच्या, पितळी पण एक. एकात एक घालून छतापर्यंत. त्याशिवाय तांबे, मग, टब. आमच्यात रिवाज आहे, मय्यतीला ज्या बादलीने आंघोळ घालतात ती घरात ठेवत नाहीत, गुस्ल देणारीला देऊन टाकतात. मरणाऱ्याचे कपडेही. कपडे ती वाटून टाकते, बादल्या कोण घेणार.

"समद्या गावाच्या बादल्या हायेत बघ माझ्याकडं," ती म्हणाली. "ही पाटलाच्या वाड्यासमोरच्या अत्तारांची. ही काझींची. प्यायला पाणी भराय मला एक घागर न्हाई, आन् आंघोळीला ही बरात."

मी म्हटलं बोलू नको, दमशील. ऐकते का. मी मागे कधीतरी विचारलं होतं गुस्ल कसं देतात, तर ती चहा पिताना सांगत बसायची. आज परत सगळं सांगितलं. पाणी आपल्या हाताला सोसेल इतकंच गरम. बोरीची पानं घालून उकळायचं. उजवी बाजू आधी. अंगावरची चादर हटू द्यायची नाही, चादरीखालून हात. शेवटच्या पाण्यात कापूर. "आन् रईसा, हात हळू. मेलेल्याला बी दुखतं असं समजून. आन् जे दिसलं ते तिथंच ठिवायचं. कुणाच्या अंगावर काय व्हतं ते मी माझ्या नवऱ्याला बी सांगितलं न्हाई. तो मेला ते बरं झालं, लई भोचक व्हता."

हसली, मग खोकला आला. थांबल्यावर म्हणाली, "मला कोण धुणार गं?"

मी म्हटलं, "इतक्या जणी आहोत की."

ती परत हसली. मला तिचं ते हसणं आवडलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चाँदबी गेली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आज जे झालं ते रागातच लिहितेय. 

सकाळी मागच्या वाडीतली दगडाबाई सांगत आली. तिच्या शेळ्या रोज कब्रस्तानच्या बाजूने जातात, तिने हाक मारली, ओ आली नाही. आम्ही सगळ्या जमलो. अंगण बायांनी भरलं. तस्बीहच्या माळा फिरत होत्या, यासीनचं पठण चालू होतं. बाहेर पुरुष बसलेले, जोहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर, जनाजा ठरला. कब्र खणून झाली. आत चाँदबी चादरीखाली पडलेली, आणि तिला हात लावायला कुणी उठेना.

काझींची सून आमच्या गावात दर मंगळवारी बायांना दीन, म्हणजे धर्म, शिकवते. मी तिला म्हटलं, "बाजी, तुम्ही उठा, आम्ही पाणी देतो." ती म्हणाली, "माझं दिल फार कमजोर आहे." दुसरी म्हणाली घरात लहान मूल आहे. तिसरीच्या सासूला चालत नाही. चौथी म्हणाली नुकताच मुलाचा निकाह झालाय, नहूसत नको, अपशकुन नको. मी म्हटलं नहूसत कुठल्या किताबात लिहिलीय. ती म्हणाली, "किताबात नसलं तरी घरात बघावं लागतं."

यातल्या प्रत्येकीच्या घरातली एक तरी मय्यत चाँदबीने धुतली आहे. तेव्हा तिचं दिल कसं आहे ते कुणी विचारलं होतं?

जोहर झाली. बाहेरून मौलानांचा निरोप आला, कुणीच नसेल तर मातीवर हात मारून तयम्मुम करा आणि कफन घाला. कुणीच नसेल तर. तिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कुणीच नसेल तर.

मी उठले. भीती मलाही होती, खोटं का लिहू. पाणी तापवायला भांडं मागितलं तर कुणी देईना, दिलेलं परत घेता येत नाही ना. मग लक्षात आलं, इथे काय कमी आहे. बादल्यांची रास खाली ओढली. अख्ख्या मोहल्ल्याच्या बादल्यांत चाँदबीचं पाणी भरलं. आमच्या सासूबाईंची निळी बादली पण त्यात निघाली. अजून मजबूत आहे.

आणि बघते तर आरजू ओढणी कमरेला बांधून, पाण्याचा मग हातात घेऊन उभी. "मी पाणी देते."

मी म्हटलं, "तू घरी जा. तुझं लग्न ठरलंय."

ती म्हणाली, "मग?"

वाद घालायला वेळ नव्हता. आम्ही दोघींनी केलं. कापूर घातला, कफनाचे पाच कपडे घातले, केसांच्या दोन वेण्या छातीवर ठेवल्या. तिचे केस इतके लांब आहेत हे मला माहीत नव्हतं. चाँदबीच्या अंगाबद्दल आणखी काही लिहीत नाही. तिनेच शिकवलंय.

असरला, दिवस कलताना, दफन झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल जुम्म्याच्या बयानात मौलानांनी गुस्लाची फजिलत, म्हणजे थोरवी सांगितली. लाउडस्पीकरवर घरात ऐकू आलं. जो मय्यतीला धुतो आणि दिसलेलं झाकतो, त्याचे गुनाह माफ. नाव न घेता म्हणाले, आमच्या गावातल्या एका भगिनीने हे केलं. आरजूचे अब्बा नमाजहून आले ते छाती फुगवून.

आज पीठ गिरणीत गेले तर दोघी बाजूला सरकल्या. एकीने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं पीठ उडतंय म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल कापडवाल्या सेठच्या घरी त्यांची सासू वारली. मला बोलवायला माणूस आला. कालपर्यंत चाँदबीकडे जायचे, आता माझ्याकडे. गेले. हे करायला लागले तर नाही कसं म्हणू, सगळ्यांनी नाही म्हटलं तर गुनाह सगळ्या वस्तीवर.

काम झालं, हात धुतले, वुजू केलं. बाया ओसरीवर बसल्या होत्या. चहा आला. सगळ्यांना कपबशीत. मला कागदी कपात.

मला आधी कळलंच नाही. वाटलं कप कमी पडले. मग बघितलं, शोकेसमध्ये एक डझन उपडे घातलेले. माझा कागदी कप पिऊन झाल्यावर मोलकरणीने दोन बोटांनी उचलून नालीत टाकला.

घरी येईपर्यंत मी रस्त्यात कुणाला सलामसुद्धा केला नाही. अरे, माणसाचं उष्टं पाक असतं हे मदरशातली पाच वर्षांची पोरं पाठ करतात. रसूलुल्लाह गुलामाबरोबर एका ताटात जेवत होते हे तुम्ही दर रबी-उल-अव्वलला, ईद-ए-मिलादच्या महिन्यात, मंडप घालून सांगता, त्या मंडपाचं कापड याच सेठचं असतं. आणि मी, पाच वेळची नमाजी, तुमच्या घरच्या मय्यतीला स्वच्छ करून अल्लाकडे पाठवून तुमच्या ओसरीवर बसले, तर माझ्यासाठी कागद. कुणाच्या हातात वेगळा कप देताना लाज कशी वाटत नाही माणसाला? काय विचार करत असेल तो घेणारा?

तिथून निघताना त्यांनी बादली पुढे केली. मी म्हटलं, तुमची आहे, घासून वापरा. सेठची बायको म्हणाली, "आता घरात कशी ठेवायची?" मी घेतली नाही. तशीच आले.

संध्याकाळी दगडाबाई तीच बादली घेऊन दारावरून चालली होती. शेळ्यांवरच तिचं पोट आहे. मी विचारलं कुठे मिळाली.

"उकिरड्यावर. चांगली धडधाकट हाय की. कावून टाकली आसंल?"

मी सांगितलं.

"मंग माझ्या शेरडांना झाली. शेरडं काय न्हमाज पढत न्हाईत." मग म्हणाली, "पर बाई, तुमच्यात बी आसं आस्तंय व्हय? आमाला वाटायचं, तुमच्यात समदे एका रांगेत उभं ऱ्हात्यात. हे आपलं आमच्यातच हाय म्हणून आमी गप ऱ्हायचो."

मला इतका संताप आला. तिच्यावर नाही.  तिला म्हटलं, "दीनमध्ये नाही गं. माणसांत आहे."

"मंग दीन कुठं ठिवलाय?" दगडाबाईने विचारलं, आणि बकरीला हाकलत गेली. तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उमापूरहून फोन. आरजूच्या अब्बांनी स्पीकरवर ठेवला.

हाजीसाहेब आधी बाजारभाव बोलले, मोसंबी, मग दादींची तब्येत. मग म्हणाले, "फकीरभाई, एक गोष्ट कानावर आली. भाभी ते गुस्लाचं काम करतात म्हणे."

"हां, म्हणजे, एकदोनदा. कुणी नव्हतं म्हणून."

"नाही नाही, आमची काहीच हरकत नाही. दीनमध्ये तर मोठा दर्जा आहे त्याचा. मी स्वतः बयानात सांगतो. पण कसं आहे, घरात बायका. इरशादची अम्मी म्हणते, नवी नवरी अशा घरातून यायची म्हणजे लोक काय म्हणतील. तुम्ही समजदार आहात. असली कामं करणारे लोक असतात ना. त्यांना करू द्या."

आरजूच्या अब्बांनी "हां जी, हां जी" केलं. मग फोन ठेवून माझ्याकडे बघेनात. पकड घेऊन उगाच एक बेअरिंग घासत बसले.

मी म्हटलं, "जुम्म्याला छाती फुगली होती, ती कुठे गेली?"

"रईसा, पोरीचं घर आहे."

"मी काय चोरी केली?"

"चोरी केली असती तर मिटवता आलं असतं," ते म्हणाले. हे मात्र खरं बोलले.

लोक असतात ना. हे शब्द दिवसभर डोक्यात दगडासारखे पडून आहेत. कोण लोक? अल्लाने बनवताना कुठल्या मातीच्या ढिगातून वेगळे काढले ते लोक?

आरजूला विचारलं तुला काय वाटतं. म्हणाली, "तुला बोलावलं तर जा. मला घेऊन जाणार असशील तर मी पाणी देईन." इतकंच. फोन उशाखाली होता, वाजला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीवर एक बाळंतीण गेली. निरोप आला तेव्हा आरजूचे अब्बा दारात उभे राहिले. अडवलं नाही, पण बाजूलाही झाले नाहीत. मी अंग चोरून गेले. आरजू मागून आली.

ती मुलगी आरजूच्या वयाची होती. पुढे लिहीत नाही.

त्यांच्याकडे एकच बादली. नवरा हात जोडून म्हणाला, "खाला, ही घेऊन जा, रिवाज आहे." मी म्हटलं, पाणी कशात आणशील उद्या? ठेव. त्याने ठेवली. म्हणजे ज्याच्याकडे एकच आहे त्याला कळतं.

आज फोन केला तर हाजीसाहेब उचलत नाहीत. इरशादचा तर चार दिवसांपासून नाही. आरजूचे अब्बा मौलानांकडे गेले, म्हटलं तुम्ही हाजीसाहेबांना दोन शब्द सांगा, तुमचं ऐकतील. मौलाना म्हणाले, "सवाब फार मोठा आहे, शंकाच नाही. पण फकीरभाई, मुलीचं घर वसवणं हाही सवाब आहे. भाभींना सांगा, नुसत्या नियतचाही सवाब मिळतो. घरी बसून नियत करा."

घरी बसून नियत करा. बाई मेली की नुसत्या इराद्याने धुवा तिला, पुण्य मिळेल.

आज रागात भाकरी दोनदा करपली. एक दगडाबाईच्या शेळीला, एक मी खाल्ली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

इरशादच्या दादी गेल्या. काल पहाटे हाजीसाहेबांचा फोन. आवाजच वेगळा. "भाभी, अम्मीची वसीयत आहे. मुबश्शिराला सांगून ठेवलंय, मला माझ्या नातसुनेच्या आईने धुवावं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी गाडी पाठवतो."

बरं, माझ्याबद्दल त्या घरात इतकी बडबड झाली की वरच्या खोलीत पडलेल्या म्हातारीला पण ऐकू गेली. आणि तिने ऐकून हे ठरवलं. मी कधी बघितलं नव्हतं तिला.

मी आणि आरजूचे अब्बा गेलो. बीड, गेवराई, पुढे उमापूर. मोठं घर, अंगणात दोन टेम्पो. मला मागच्या जिन्याने वर नेलं.

वारसांचा हक्क पहिला, म्हणून मी समधनीला, म्हणजे इरशादच्या आईला बोलावलं. ती दारात नाकाला ओढणी लावून उभी राहिली. "माझं दिल कमजोर आहे." मला वाटलं हे वाक्य कुठे छापून मिळतं का. मुबश्शिरा आत आली, तिने पाणी दिलं.

दादींच्या अंगावर काय होतं ते मी लिहिणार नाही. कुणालाच सांगणार नाही, आरजूच्या अब्बांनी गाडीत विचारलं, त्यांनाही नाही. एवढंच लिहिते की पाठ धुवायला कूस वळवली तेव्हा माझा हात थांबला, आणि मुबश्शिरा हातातला मग खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.  मग म्हणाली, "खाला, अम्मी मला वर येऊ देत नव्हती." मी म्हटलं, बेटा, पाणी दे. हळू दे. दुखतं असं समजून दे.

खाली हाजीसाहेब लोकांत बसून सांगत होते, अम्मीला आम्ही फुलासारखी ठेवली. जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी दात आवळून कापूर कालवला. या अल्लाह, तू झाकायला सांगितलंस म्हणून झाकते. त्यांच्यासाठी नाही.

जनाजा निघाल्यावर आम्ही निघालो. गाडीत बसले तर मागची डिकी उघडल्याचा आवाज. इरशाद. आतून बादली, मग आणि कपड्यांचं गाठोडं आणून ठेवलं. बादली नवीकोरी, हिरवी, तिच्यावरचा कागदपण निघाला नव्हता. म्हणजे द्यायचीच म्हणून आणली होती. मुलगा खाली बघून म्हणाला, "खाला, अम्मी म्हणतात घरात नको." वर एक लिफाफा. होणाऱ्या सासूला मजुरी. तो लिफाफा मी त्याच्या खिशात परत घातला. बादली राहिली, कारण ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती.

घरी आल्यावर आरजूने सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "बादली गाडीत कुणी ठेवली?"

मी म्हटलं इरशादने.

ती बादलीवरचा कागद सोलत बसली. पूर्ण निघेपर्यंत.

१ मार्च, शनिवार

आज चंद्र दिसला तर उद्या पहिला रोजा. खजूर अर्धा किलो, ९०. बेसन एक किलो, १००.

सकाळी आरजूने त्या हिरव्या बादलीत पाणी भरून आंघोळ केली. तिचे अब्बा बघत राहिले. मग दुकानात जाण्याआधी तेही त्याच बादलीने आंघोळ करून गेले.  दुपारी आले तेव्हा हातात टपालाचा लिफाफा, तिकीट लावलेला. ५ रुपये. खर्चात लिहिला.

मी म्हटलं फोन करू या. आरजू म्हणाली, "फोन ते उचलत नाहीत. उचलला तर गोड बोलून फिरवतील. कागदावर लिही. कागदाला उत्तर द्यावं लागतं." मी विचारलं, तुला इरशाद आवडतो ना गं? म्हणाली, "आवडतो. म्हणून तर लिही म्हणते."

एक मात्र तिचं मला कळत नाही. घरात पाच चांगले कप असताना चाँदबीचा तो कानमोडका कप कोनाड्यातून काढून आणलाय आणि त्यातच चहा पिते. मी म्हटलं तो फेकून दे, तोंडाला लागेल. माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि परत तोंडाला लावला. काय खूळ आहे अल्ला जाणे. नाराज आहे, होईल ठीक.

पत्र लिहून झालं. त्यांनी उद्या काही वेगळं म्हटलं तर माझ्याजवळ असावं, म्हणून इथे उतरवून ठेवते.

जनाब हाजी गुफरानसेठ, मु. पो. उमापूर, ता. गेवराई, यांस नेकनूरहून रईसाचा सलाम.

आपल्या अम्मीला अल्लाह जन्नत नसीब करो. त्यांची वसीयत पूर्ण झाली. जे माझ्या नजरेला पडलं ते माझ्याबरोबर कबरीत जाईल, त्याची काळजी नसावी. ते अल्लाहने बघितलंय.

आपल्या घरची एक बादली आणि एक मग आमच्याकडे आले आहेत. ते आमचे नाहीत. घासून ठेवले आहेत. मय्यतीचं पाणी लागलेलं भांडं नापाक असतं असं मला दीनमध्ये कुठे सापडलं नाही. आपल्याला सापडलं असेल तर किताबाचं नाव लिहावं, मी चूक मान्य करीन.

नसेल सापडलं, तर इरशादने स्वतः येऊन ती बादली न्यावी. दिवसा, हातात धरून, नेकनूरच्या स्टँडवरून एसटीत बसून. गाडीच्या डिकीत नाही. आपल्या घरी न्हाणीत ठेवावी आणि घरातल्या सगळ्यांनी वापरावी. आपल्यापासून सुरुवात करावी. मी बघायला येणार नाही. मुबश्शिरा खोटं बोलत नाही, ती सांगेल. मग ईदनंतर निकाह ठरल्याप्रमाणे होईल, आणि माझी मुलगी आपल्या घरात सुखाने येईल.

मी गुस्ल देणं बंद करणार नाही. निकाहच्या दिवशी कुणाचं बोलावणं आलं तर जाऊन येईन, मग मुलीची रुखसती करीन. आरजूही शिकली आहे. उमापुरात कुणी नसेल तेव्हा ती जाईल. हे आधीच सांगितलेलं बरं.

आपल्याला हे जमण्यासारखं नसेल तर आपल्या अम्मीची अंगठी माझ्याकडे आहे. आरजूने ती बोटातून काढून कापसात ठेवली आहे. ती अंगठी फार चांगल्या बाईची आहे, चुकीच्या बोटात राहू नये.

बादली न्यायला इरशाद कधी येतो, का अंगठी परत पाठवू, एवढं उलट टपाली कळवावं.